खालून पाहणाऱ्यांचं विमान

२३ ऑक्टोबर २००३ च्या संध्याकाळी विंडसरच्या राजवाड्यावर दिव्यांची रोषणाई झाली. कुणी परदेशी राष्ट्रप्रमुख आला नव्हता, राजघराण्यात लग्नकार्यही नव्हतं. हीथ्रोहून न्यूयॉर्कला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं कॉन्कॉर्ड त्या बाजूने जायचं होतं. प्रवासी घेऊन पश्चिमेला जाण्याची कॉन्कॉर्डची ती शेवटची खेप. तिच्या निरोपासाठी दिवे लावायला राणी एलिझाबेथ यांनी संमती दिली होती.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी चारच्या सुमाराला तीन कॉन्कॉर्ड विमानं काही मिनिटांच्या अंतराने एकामागोमाग हीथ्रोवर उतरली. पहिलं एडिंबरोहून आलं, दुसरं बिस्केच्या उपसागरावर फेरी मारून आणि तिसरं न्यूयॉर्कहून. तिसऱ्याचे कप्तान माइक बॅनिस्टर होते आणि आत नामवंतांचा भरणा होता. पण त्या दिवशीचं खरं दृश्य विमानतळाच्या बाहेर होतं. कुंपणालगत माणसांची दाटी झाली होती. म्हातारी माणसं होती, शाळेतली मुलं खांद्यावर घेतलेले बाप होते, कामावरून रजा काढून आलेले लोक होते. विमान उतरताना कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होतं.

यांतल्या बहुतेकांनी कॉन्कॉर्डच्या पायरीवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. एका फेरीला हजारो पौंड पडत. तेवढे पैसे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. मग ज्या विमानात बसलोच नाही, त्याच्यासाठी डोळे का भरून यावेत? जी वस्तू आपण वापरली, जिच्यावर आपला संसार चालला, तिच्यावर जीव जडणं समजण्यासारखं आहे. कॉन्कॉर्डवरचं प्रेम त्या जातीचं नव्हतं. ते मान वर करून पाहणाऱ्यांचं प्रेम होतं, आणि ते जडायला मोठा काळ जावा लागला. सुरुवातीला तर लोकांना हे विमान नकोच होतं.

ब्रिटन आणि फ्रान्स यांनी २९ नोव्हेंबर १९६२ रोजी करार केला, की ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं प्रवासी विमान दोघांनी मिळून बनवायचं. खर्च निम्मा-निम्मा, काम निम्मं-निम्मं. दोन वर्षांत ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं आणि त्याने हिशेब पाहून हात काढून घ्यायचं ठरवलं. पण करारात माघारीचं कलमच नव्हतं. एकाने अंग काढलं तर दुसरा त्याला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचणार, अशी स्थिती. म्हणून काम चालू राहिलं. ब्रिस्टलजवळच्या फिल्टनला एक जुळणी कारखाना, फ्रान्समध्ये तुलूझला दुसरा. भाग मात्र वाटून घेतलेले, म्हणजे इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे अशी सतत ने-आण. खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला आणि अब्ज पौंडांच्या पलीकडे गेला. हा सगळा पैसा करदात्यांचा होता. आधी घातलेला पैसा वाया जाऊ नये म्हणून आणखी पैसा घालत राहण्याच्या चुकीला जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स आणि त्यांच्या सहलेखिकेने १९७६ साली एका शोधनिबंधात कॉन्कॉर्डचं नाव जोडलं, आणि ते जीवशास्त्रात रूढ झालं. ज्या वर्षी विमान प्रवाशांसाठी सुरू झालं, त्याच वर्षी त्याचं नाव विद्वानांच्या जगात चुकीचा नमुना म्हणून नोंदलं गेलं.

आवाजाची तक्रार पैशांहून मोठी होती. ध्वनीपेक्षा वेगाने जाणारं विमान आपल्यामागे दाबाची लाट ओढत नेतं आणि ती जमिनीवर पोचली की तोफेसारखा धडाका होतो. हा धडाका ध्वनीचा वेग ओलांडताना एकदाच होऊन थांबत नाही. विमान त्या वेगात असेपर्यंत त्याच्या मार्गाखालच्या सगळ्या पट्ट्याला तो ऐकावा लागतो. अमेरिकेने १९६४ साली ओक्लाहोमा सिटी या शहरावर सहा महिने लढाऊ विमानं उडवून असे १,२५३ धडाके लोकांना ऐकवले. माणसं सरावतात का, हे पाहायचं होतं. काही सरावली, पण तक्रारींचा आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांचा ढीग लागला. इंग्लंडमध्ये रिचर्ड विग्ज नावाच्या शिक्षकाने कॉन्कॉर्डविरोधी चळवळ उभी केली. १९७१ मध्ये अमेरिकेने स्वतःच्या स्वनातीत विमानाचा प्रकल्प, म्हणजे बोइंग २७०७, गुंडाळला. १९७३ मध्ये तर आपल्या भूमीवरून कुठल्याही नागरी विमानाने ध्वनीहून वेगाने जाऊ नये, असा नियमच तिने केला. त्याच वर्षी जानेवारीत पॅन ॲम आणि टीडब्ल्यूए या दोन बड्या कंपन्यांनी कॉन्कॉर्ड घेण्याचा बेत सोडला, आणि वर्षअखेर तेलाचे भाव भडकले.

एके काळी जगातल्या सोळा विमान कंपन्यांनी मिळून सत्तरहून अधिक कॉन्कॉर्डसाठी नावं नोंदवली होती. त्यांत जेआरडी टाटा अध्यक्ष असलेली एअर इंडियाही होती, दोन विमानांसाठी. जून १९७२ मध्ये ००२ क्रमांकाचं ब्रिटिश नमुना विमान गिऱ्हाइकं मिळवायला पूर्वेच्या दौऱ्यावर निघालं, तेव्हा ते मुंबईतही उतरलं होतं. एअर इंडियाने पुढे तो विचार सोडून दिला. उरली ती दोनच गिऱ्हाइकं, ब्रिटिश एअरवेज आणि एअर फ्रान्स. दोघांकडे मिळून चौदा विमानं. भारताचा संबंध पुन्हा आला तो नकाराच्या रूपाने. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर एअरलाइन्स लंडन-बहारीन-सिंगापूर अशी कॉन्कॉर्ड सेवा चालवत होत्या. विमानाच्या एका अंगावर एका कंपनीचे रंग आणि दुसऱ्या अंगावर दुसरीचे. भारताने आपल्या हवाई हद्दीत ध्वनीहून वेगाने जायला मनाई केली, मलेशियाचीही आवाजाबद्दल तक्रार होती, आणि १९८० मध्ये ती सेवा बंद पडली. आपल्या गावांवर रोज धडाके होऊ न देण्याचा तो निर्णय योग्यच होता. पण मुंबई-पुण्याच्या मुलांच्या वाट्याला कॉन्कॉर्ड आलं ते मासिकांतल्या चित्रांतून आणि भिंतीवरच्या कॅलेंडरांतून.

विरोधाचं शेवटचं मोठं रण न्यूयॉर्कला झालं. २१ जानेवारी १९७६ ला एकाच वेळी लंडनहून बहारीनला आणि पॅरिसहून डाकारमार्गे रिओला अशी दोन उड्डाणं होऊन सेवा सुरू झाली. मे महिन्यात वॉशिंग्टन खुलं झालं. पण ज्या शहरासाठी हा सगळा खटाटोप होता, त्या न्यूयॉर्कने दार लावून घेतलं होतं. क्वीन्स भागातले रहिवासी आपल्या मोटारी घेऊन केनेडी विमानतळाच्या रस्त्यांवर मुद्दाम संथ चालवत आणि वाहतूक तुंबवत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर नोव्हेंबर १९७७ मध्ये लंडन आणि पॅरिस इथून न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली.

मग ज्या विमानाला रस्त्यावर उतरून विरोध झाला, ते लाडकं कधी झालं?

एक उत्तर त्याच्या आकारात आहे. कॉन्कॉर्डच्या पंखाची पुढची कडा कुठेही सरळ जात नाही. पुढच्या टोकाला निमुळती सुरू होते, वळते, फुगते, पुन्हा वळते. हे सौंदर्यासाठी कुणी केलेलं नव्हतं. ध्वनीच्या दुप्पट वेगाला पंख बारीक आणि मागे झुकलेला लागतो, पण तसा पंख कमी वेगात विमानाला धरून ठेवत नाही. अभियंत्यांनी तोड काढली ती अशी, की विमानाने उतरताना नाक बरंच वर करायचं. त्यामुळे पंखाच्या वरच्या बाजूला हवेचे भोवरे तयार होतात आणि तेच त्याला तोलून धरतात. आता नाक एवढं वर झाल्यावर वैमानिकाला धावपट्टी दिसणार कशी? म्हणून नाकच खाली वाकवता येईल असं केलं, उतरताना साडेबारा अंश. लांब पाय सोडून, मान वाकवून ते तळ्याकाठच्या बगळ्यासारखं जमिनीला येई. एकेक वळण एकेका अडचणीतून निघालं होतं, आणि सगळी मिळून जे उभं राहिलं ते पाहताना मन भरून येत असे. त्यासाठी वायुगतिकीची परीक्षा द्यावी लागत नव्हती. चार वर्षांच्या मुलालाही आकाशातल्या शंभर विमानांतून कॉन्कॉर्ड ओळखता यायचं.

दुसरं उत्तर आवाजात आहे, आणि ते पचायला थोडं अवघड आहे. कॉन्कॉर्डची चार ऑलिम्पस इंजिनं उड्डाणाच्या वेळी धुराड्यात जादा इंधन जाळून जोर घेत. खिडक्यांची तावदानं थरथरत, बोलणी थांबत, मोटारींचे भोंगे आपोआप वाजू लागत. हाउन्स्लो, विंडसर, रेडिंग या पट्ट्यातल्या माणसांना हे रोज ठरलेल्या वेळी. सकाळचं उड्डाण साडेदहाच्या आसपास, संध्याकाळचं सातच्या आगेमागे. त्रास होताच, आणि त्यावर तक्रारी करणाऱ्यांचं काहीही चुकत नव्हतं. पण जी गोष्ट सत्तावीस वर्षं रोज ठरल्या वेळी घडते, ती त्या जागेचा भाग होते. परसातली कामं करणारे हात थांबवून वर पाहत. शिकवणं ऐकू येईना म्हणून वर्गात शिक्षक थांबत आणि मुलं खिडकीकडे धावत. हीथ्रोवर साफसफाई, खानपान, सामानाची चढ-उतार या कामांना साउथॉल-हाउन्स्लोतली भारतीय माणसं मोठ्या संख्येने असत. त्यांच्याही दिवसाचे टप्पे या आवाजाने पडत. एका यंत्राची ये-जा लाखो लोकांच्या दिनक्रमात अशी मिसळून गेली, की ती त्यांना वेगळी काढता येईना.

हे किती महत्त्वाचं होतं, ते सोविएत संघाच्या विमानाकडे पाहिलं की पटतं. तुपोलेव्ह-१४४ ने ३१ डिसेंबर १९६८ ला, म्हणजे कॉन्कॉर्डच्या दोन महिने आधी, आकाश गाठलं. दिसायलाही ते पुष्कळसं तसंच. १९७३ मध्ये पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात त्याचा भीषण अपघात झाला. पुढे मॉस्को-अल्माटी मार्गावर प्रवासी घेऊन त्याच्या अवघ्या ५५ फेऱ्या झाल्या आणि १९७८ मध्ये ते थांबलं. त्याच्यासाठी कुठल्याही कुंपणापाशी गर्दी झाली नाही. लोकांना ते पाहायची सवय लागायलाच वेळ मिळाला नव्हता.

विमानाच्या आतलं जग निराळं होतं. १७-१८ किलोमीटर उंचीवर आकाश गर्द होत जाई आणि क्षितिज वाकलेलं दिसे. खिडक्या लहान, तळहाताएवढ्या, आणि हात लावला तर कोमट. दुप्पट वेगात हवेच्या घर्षणाने आणि दाबाने नाकाचं टोक १२७ अंशांपर्यंत तापे. ॲल्युमिनियमचं अंग प्रसरण पावून विमान पंधरा-वीस सेंटिमीटरने लांब होई. रंग पांढरा ठेवण्यामागेही उष्णता परतवण्याचंच कारण होतं. १९९६ मध्ये एअर फ्रान्सने एका शीतपेयाच्या जाहिरातीसाठी एक कॉन्कॉर्ड निळं रंगवलं, तेव्हा दुप्पट वेगात वीस मिनिटांहून जास्त राहू नका, अशी ताकीद वैमानिकांना मिळाली. समतोलासाठी टनावारी इंधन उडत्या विमानात मागच्या टाक्यांत न्यावं लागे आणि वेग उतरताना पुन्हा पुढे आणावं लागे. हे सांभाळणारा फ्लाइट इंजिनीअर हा तिसरा माणूस. त्याच्या नियंत्रण-फलकाच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्ये जमिनीवर असताना बोटही जात नसे. उड्डाणात तिथे फट पडे. संग्रहालयात जाण्यापूर्वी ज्या विमानांची अखेरची उड्डाणं स्वनातीत वेगाने झाली, त्यांच्या इंजिनीअरांनी आपल्या टोप्या त्या फटीत सरकवल्या. विमान थंड झालं, फट मिटली, टोप्या अडकल्या. सिएटलच्या संग्रहालयातल्या विमानातली टोपी कुणीतरी कापून नेली होती. संग्रहालयाने सांगितलं, परत करा, काही विचारणार नाही. आणि ती परत आली.

गायक फिल कॉलिन्स कॉन्कॉर्डमुळे एकाच दिवशी लंडन आणि फिलाडेल्फिया इथे गायला, हा किस्सा सगळ्यांना ठाऊक असतो. त्याहून मोठी गोष्ट ३० जून १९७३ ची आहे. ००१ या पहिल्या नमुना विमानाने कॅनरी बेटांवरून उड्डाण केलं, आफ्रिकेवरून धावणारी चंद्राची सावली गाठली आणि तिच्याबरोबर पळत राहिलं. जमिनीवर उभ्या माणसाला खग्रास सूर्यग्रहण फार तर सात-साडेसात मिनिटं दिसतं. त्या विमानातल्या शास्त्रज्ञांनी ते ७४ मिनिटं पाहिलं. विमानाच्या छतात त्यासाठी झरोके पाडले होते, आणि वैमानिक होते आंद्रे तुर्का, ज्यांनी २ मार्च १९६९ ला तुलूझहून हेच विमान प्रथम आकाशात नेलं होतं. पैसेवाल्यांची गाडी म्हणून कॉन्कॉर्डला हिणवणाऱ्यांनी हे एक उड्डाण हिशेबात धरायला हवं.

पैसेवाल्यांची गाडी ते होतंच. १९८४ मध्ये ब्रिटिश एअरवेजने सरकारचा उरलेला हक्क दीड-पावणेदोन कोटी पौंडांत विकत घेतला. त्यानंतर तिच्या लक्षात आलं, की आपल्या तिकिटाला किती पैसे पडतात हे बऱ्याच प्रवाशांना माहीतच नाही. त्यांच्या साहेबांची कार्यालयं ती रक्कम भरतात, आणि प्रवाशांचा अंदाज खऱ्या भाड्याहून जास्तच असतो. कंपनीने भाडं त्या अंदाजापर्यंत नेलं आणि सेवा फायद्यात आली. लोकांच्या अब्जावधी पैशांतून उभं राहिलेलं विमान अखेर थोड्यांच्या सोयीसाठी चाललं, हा आक्षेप खोडून काढता येत नाही. प्रत्येक प्रवाशामागे ते साध्या विमानाच्या कित्येक पट इंधन जाळत असे, हेही खरं. तरीही एक गोष्ट त्याच काळात घडत होती. ब्रिटिश एअरवेज अधूनमधून खास सफरी काढी: बिस्केच्या उपसागरावर जायचं, ध्वनीच्या दुप्पट वेगाला पोचायचं आणि तासा-दीड तासात परत. कुठेही जायचं नसे. या सफरींना सेवानिवृत्त शिक्षक येत, गवंडी येत, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस म्हणून मुलांनी वर्गणी काढून पाठवलेली जोडपी येत. वर्षानुवर्षं खालून पाहिलेल्या विमानात एकदा बसायचं म्हणून साठवलेले पैसे ते तिथे खर्च करत.

२५ जुलै २००० ला पॅरिसहून उडणाऱ्या कॉन्कॉर्डचा टायर धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीने फुटला. ती पट्टी आधी उडालेल्या दुसऱ्या विमानातून पडली होती. टायरचा तुकडा पंखाखाली आदळला, टाकी फुटली, आग लागली, आणि गोनेस गावातल्या हॉटेलवर विमान कोसळलं. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे चार असे ११३ जण गेले. सगळी विमानं जमिनीवर आली. टाक्यांना आतून केव्लारचं अस्तर लावलं, नव्या प्रकारचे टायर बनवले, आणि ७ नोव्हेंबर २००१ ला दोन्ही कंपन्यांची सेवा पुन्हा सुरू झाली. पण मधल्या काळात ११ सप्टेंबरचा अमेरिकेवरचा हल्ला होऊन गेला होता. ब्रिटिश एअरवेजने आपल्या कर्मचाऱ्यांना बसवून केलेलं चाचणी उड्डाण नेमकं त्याच दिवशी होतं. श्रीमंत प्रवासी पूर्वीसारखे परतले नाहीत.

खालचे लोक मात्र कुठेच गेले नव्हते. ४ जून २००२ ला राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात लंडनच्या मॉल रस्त्यावर दहा लाखांच्या घरात माणसं होती. बकिंगहॅम राजवाड्यावरून २७ विमानांची मानवंदना गेली, शेवटी रेड ॲरोज पथकाच्या साथीने कॉन्कॉर्ड. त्या दिवशीची छायाचित्रं पाहिली तर गर्दीतला जवळजवळ प्रत्येक चेहरा वर वळलेला दिसतो.

१० एप्रिल २००३ ला दोन्ही कंपन्यांनी निवृत्ती जाहीर केली. प्रवासी कमी, देखभाल महाग, आणि सुटे भाग व तांत्रिक आधार देणारी एअरबस कंपनी यापुढे तो भार उचलायला राजी नव्हती. जाहीर होताच तिकिटांवर उड्या पडल्या. उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांनी विमानं विकत मागितली. आधी प्रत्येकी एक पौंड देऊ केला, मग दहा लाख, मग पन्नास लाख. ब्रिटिश एअरवेजने नकार दिला. निदान एक विमान हवाई प्रदर्शनांसाठी उडतं ठेवा, अशी मोहीम लोकांनी चालवली. तिलाही यश आलं नाही, आणि येणार नव्हतं. कॉन्कॉर्डसारखं विमान उत्साही स्वयंसेवकांच्या बळावर सुरक्षित उडवता येत नाही; त्यामागे निर्मात्याची फौज लागते. बंद करण्याचा निर्णय हिशेबाला धरून होता आणि सुरक्षेलाही.

चूक होती ती लोकांच्या प्रेमाला भाबडेपणा म्हणण्यात, आणि तसं म्हणणारे तेव्हा बरेच होते. वापरलं नाही त्याच्यासाठी कसलं रडता, हा त्यांचा सवाल. त्याचं उत्तर सोपं आहे. या विमानाचे पैसे त्या कुंपणाबाहेरच्या माणसांनी आणि त्यांच्या आईबापांनी भरले होते. विमान बनवलं तेही त्यांच्यासारख्यांनीच, फिल्टन आणि तुलूझच्या जोडारी, टर्नर, नकाशे काढणाऱ्या माणसांनी, गणकयंत्रं बाल्यावस्थेत असताना, सरकपट्ट्या आणि कागद घेऊन. वर्षातून दोनदा वापरता येणाऱ्या वस्तूंपेक्षा जी सगळ्यांनी मिळून उभी केली आणि सगळ्यांना दिसते, ती वस्तू माणसाला जास्त आपली वाटते. मंदिराचा कळस असाच असतो. गाभाऱ्यात पाऊल न ठेवलेलाही तो पाहून हात जोडतो. कॉन्कॉर्ड विमान कंपन्यांच्या ताळेबंदात एक मालमत्ता होतं. लोकांच्या मनात ते त्यांनी केलेलं काम होतं. बाजाराला पहिलं मोजता येतं, दुसरं नाही, म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

२६ नोव्हेंबर २००३ ला शेवटचं उड्डाण झालं. अल्फा फॉक्सट्रॉट या नावाने वैमानिक ज्याला ओळखत, ते विमान. एप्रिल १९७९ मध्ये फिल्टनच्या धावपट्टीवरून प्रथम उडालेलं, आणि सगळ्यांत शेवटी बांधलेलं. कंपनीचे शंभर कर्मचारी आत होते. बिस्केवर शेवटची स्वनातीत दौड झाली, मग विमान खाली येऊन ब्रिस्टल शहरावरून, क्लिफ्टनच्या झुलत्या पुलावरून गेलं. अभियंता ब्रुनेलने आराखडा दिलेला, १८६४ मध्ये खुला झालेला तो पूल आणि त्यावरून जाणारं कॉन्कॉर्ड, या दोघांचं एक छायाचित्र इंग्लंडमध्ये घरोघर पोचलं आहे. हजारो माणसं रस्त्यांवर, टेकड्यांवर, कारखान्याच्या आवारात जमली होती. त्यांत ज्यांनी ते विमान हातांनी जुळवलं असे कामगार होते, आता पांढरे झालेले. विमान उतरलं, आणि नाक खाली-वर करून त्याने गर्दीला नमस्कार केला.

उरलेली विमानं जगभर पांगली. एक तराफ्यावरून थेम्स नदीतून, पार्लमेंटच्या इमारतीसमोरून जाऊन पुढे स्कॉटलंडला पोचलं. एक तसंच हडसन नदीतून न्यूयॉर्कच्या इंट्रेपिड संग्रहालयात आलं. सिंगापूरचे रंग ज्याने अंगावर वागवले होते ते हेच. एक ऱ्हाईन नदीतून जर्मनीतल्या झिन्सहाइमला गेलं, तिथे छतावर तुपोलेव्ह-१४४ च्या शेजारी उभं आहे. सुट्या वस्तूंचे लिलाव झाले, तेव्हा नाकाच्या टोकापासून काट्या-चमच्यांपर्यंत सगळं अपेक्षेहून चढ्या भावाने गेलं. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या सर्वोत्कृष्ट आरेखनासाठी लोकांची मतं घेतली, तर स्पिटफायर, मिनी मोटार आणि लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा या सगळ्यांना मागे टाकून कॉन्कॉर्ड पहिलं आलं. तेव्हा त्याला उडायचं थांबून दोन वर्षं उलटून गेली होती. फिल्टनचा विमानतळ पुढे २०१२ मध्ये बंद झाला. अल्फा फॉक्सट्रॉट मात्र तिथेच आहे, २०१७ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात, आपल्या जन्मस्थळापासून हाकेच्या अंतरावर.

बांधलेल्या वीसपैकी अठरा विमानं आज शिल्लक आहेत. मुलाबाळांकडे सिएटलला, न्यूयॉर्कला, वॉशिंग्टनला किंवा इंग्लंडला जाणाऱ्या मराठी आईवडिलांची संख्या आता थोडी नाही, आणि या प्रत्येक ठिकाणाहून एखादं कॉन्कॉर्ड फार दूर नाही. सिएटलला आणि केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला तर आतही जाता येतं. जरूर जा, नातवंडांना घेऊन जा. आणि पाहून झालं की बाहेर निघण्यापूर्वी तिथल्या स्वयंसेवकांशी बोला. त्यांतल्या काहींनी ही विमानं बनवली, दुरुस्त केली, उडवली आहेत आणि विचारलं की ते हौसेने सांगतात. १९६९ मध्ये फिल्टनला पंचविशीत असलेला कामगार आज ऐंशी ओलांडून गेला आहे. त्याला विचारायचं असेल ते लवकर विचारून घ्या.